ओळ उचलायला कोणी नव्हतं

“तुम्ही जरा हळू म्हणा. इथे जयंती नाही चाललेली.”

अमरावतीच्या त्या हॉलमध्ये वर्ग घेणाऱ्या मॅडम सगळ्यांसमोर मला म्हणाल्या. आम्ही सगळेच पार्किन्सन्सचे. कोणाचा हात थरथरतो, कोणाचं पाऊल उचलत नाही, आणि आवाज सगळ्यांचाच बसत चाललेला. म्हणून तर हा गाण्याचा वर्ग. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, आजार जाणार नाही, पण मोठ्यानं गात राहिलात तर आवाजाला, श्वासाला, घास गिळायला मदत होईल. मॅडम स्वतः दर वेळी सांगायच्या, मोठ्यानं म्हणा, पोटातून म्हणा.

त्या दिवशी प्रत्येकानं आपल्या आवडीचं म्हणायचं होतं. कोणी अभंग म्हटला, कोणी जुन्या सिनेमातलं. मी जयंतीचं गाणं म्हटलं. आमच्या वस्तीत विहारासमोर मी लहानपणापासून गायची, माईक नव्हता तेव्हापासून. पहिली ओळ माझी, मग मागच्या बायका ती उचलायच्या. इथेही पहिली ओळ म्हटली आणि सवयीनं थांबले. कोणी उचलली नाही. तेवढ्यात मॅडमचं ते वाक्य आलं. दोघं-तिघं हसले.

माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नसेल. या आजारात चेहरा हलत नाही. आत मात्र आग लागली होती.

मी जाणं सोडलं. गाणंही सोडलं. मग एक दिवस अकोल्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. मी बोलत होते आणि ती विचारत होती, “ताई, तू बोलून काहून नाई राहिली? माह्यावर राग आला काय?”

मी जीव तोडून बोलत होते. तिला ऐकूच जात नव्हतं.

फोन ठेवला आणि मी घाबरले. ज्या आवाजानं वस्ती गोळा व्हायची, तो मी एका वाक्यापायी घालवून बसत होते. तो गेला असता तर मॅडमचं काय बिघडणार होतं? काहीच नाही.

पुढच्या वर्गाला गेले. दारातच पाय जमिनीला चिकटले; या आजारात असं होतं, ठेका धरला की सुटतात. मागून मोर्शीचे एक संत्रा बागायतदार, तेही पेशंटच, चिडून म्हणाले, सरका बाजूला. मी मनात ठेका धरला, तोंड उघडलं आणि गातगातच आत शिरले. तेच गाणं. मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. मागच्या वेळी सांगितलं होतं ना, म्हणाल्या.

“सांगतलं होतं,” मी म्हणाले. “सगळ्याइले मोठ्यानं म्हणा म्हणता, मलेच हळू काहून? हळू म्हणीन त माहा आवाज मरीन.”

मी पहिली ओळ पुन्हा म्हटली आणि थांबले. कोणी उचलली नाही.

मग मीच उचलली. अजूनही दर आठवड्याला जाते. अजूनही मीच उचलते. गळ्यात आवाज आहे तोवर त्या हॉलमध्ये हेच गाणं म्हणीन, आणि हळू म्हणणार नाही.