डोक्यावरचा तळवा

लाट फुटली आणि मुक्ता सर्फिंगच्या फळीवरून पाण्यात पडली. मी वाळूतून उठून उभाच राहिलो. ती वर आली, केस मागे सारले, उजवा तळवा डोक्यावर ठेवला आणि पायाला दोरीने बांधलेली फळी जवळ ओढून घेतली. मी पुन्हा खाली बसलो.

सकाळपासून मी तिला हात करत होतो आणि ती काही हात हलवत नव्हती. चहाला बाहेर आली तेव्हा मी जरा फुरंगटूनच विचारलं.

"बाबा, समुद्रात उगाच हात हलवायचा नसतो," ती म्हणाली. "मदत मागतेय असं समजून माणसं धावत येतात. ठीक असले की मी हात डोक्यावर ठेवीन. तू तेवढंच बघ."

मग तेवढंच बघत बसलो. ती कितीदा तरी पडली आणि दर वेळी तळवा डोक्यावर गेला. एरवी ती लांबच्या शहरातून फोनवर 'बरी आहे रे' म्हणते, तेव्हा मला काय दिसतं? अशी एखादी खूण तिथूनही दिसायला हवी होती. तिची चार दिवसांची रजा त्या दिवशी संपत होती.

दुपारी तिची गाडी निघाली. मागच्या काचेतून तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसून तळवा डोक्यावर ठेवला. मीही तसंच करायला हवं होतं. पण गाडी वळणाआड गेली तरी माझा हात हलतच राहिला.