घोड्याचं आंधळं आतडं

जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजातले शिपाईमामा हट्टाला पेटले होते. निवृत्तीआधी घोड्याचं आंधळं आतडं, म्हणजे एका टोकाला बंद असलेली आतड्याची पिशवी, अख्खं फुगवून, वाळवून संग्रहालयात टांगायचंच. माणसाचं तिथे तुलनेसाठी ठेवलेलं होतंच, मुठीत मावेल एवढं. घोड्याचं मात्र चांगलं दोन हात लांब, आणि सायकलच्या पंपाने हवा भरताना ते दोनदा फाटलं होतं.

“मामा, नाद सोडा आता. पुस्तकात चित्र आहे की,” शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

“चित्राला पोट दुखतं का, मॅडम?”

नोकरीचे पंधरा दिवस उरले, तेव्हा मामांनी पंप कोपऱ्यात ठेवला आणि नळी तोंडात धरून स्वतःच फुंकायला बसले. कुठे थांबायचं ते पंपाला कळत नव्हतं, गालांना बरोब्बर कळलं.

शेवटच्या दिवशी मॅडमनी टांगलेल्या आतड्याला टिचकी मारली. ते डफासारखं वाजलं.

“आता निघतो,” मामा म्हणाले.