बसेल तिला शेवट नाही

त्या वर्षी माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्याच रक्ताचा अहवाल, माझ्याच सहीसाठी माझ्यासमोर आला. साखर हद्दीच्या जरा पलीकडे गेली होती. दुसऱ्या कुणाचा अहवाल असता तर चष्म्यावरून बघत मी सहज म्हटलं असतं, 'रोज चाला, गोड बंद करा.' स्वतःला हे सांगणं अवघड होतं, कारण मी स्वतःला चांगली ओळखते.

नवऱ्याची विमा कंपनीतली बदली आम्हाला साताऱ्याहून जयपूरला घेऊन आली होती. वैशाली नगरात घर घेतलं, जवळच्याच एका रुग्णालयात मला पॅथॉलॉजिस्टची नोकरी लागली, आणि नाक्यावरच्या कचोरीवाल्याशी आमचं जमलं. दिवसभर सूक्ष्मदर्शकापुढे बसायचं आणि संध्याकाळी कांद्याची कचोरी घेऊन सोफ्यावर बसायचं. एकूण काय, बसण्याचाच सराव दांडगा.

माझी अवस्था बघून रुग्णालयातल्या एका सहकाऱ्याने मला एक पुस्तक दिलं. त्यात एक माणूस वाळवंटात दिवसच्या दिवस धावत जातो. पायाला फोड येतात, नखं गळतात, पाणी संपतं, तरी गडी धावतोच. रविवारी दुपारी हातात घेतलेलं पुस्तक मी दिवेलागणीला संपवलं. संपलं तेव्हा माझ्या पोटऱ्या खरोखर दुखत होत्या. आडवं पडून वाचल्यामुळे असतील, पण मला ते अंगातलं वारं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी धावायचे बूट घेतले. आणि आणखी पुस्तकंही मागवली. थंडगार समुद्र पोहून जाणारी बाई, सायकलवरून बर्फाचे डोंगर ओलांडणारा मास्तर, साठीनंतर धावायला लागलेला सुतार.

पुस्तकं वाचून झाली. बूट खोक्यातच होते.

"बूट वाचायचे राहिलेत का अजून?" नवऱ्याने विचारलं.

"अहो, आधी मनाची तयारी लागते."

"मनाची झाली असेल तर पायांना कळवून टाक."

या टोमण्यामुळेच मी एका सकाळी बूट चढवून कॉलनीच्या बागेत गेले. धावले. कडुनिंबाच्या झाडापासून निघाले आणि पुढच्या कडुनिंबापाशी थांबले. तिथल्या भिंतीवर एक मोर बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. समोर बाकावर शेजारच्या भाभीजी आणि त्यांच्या मैत्रिणी बसल्या होत्या. व्यायामाला म्हणून घरातून निघायचं आणि बागेत बसून साऱ्या कॉलनीची खबरबात घ्यायची, हा त्यांचा नेम. भाभीजी अंगाने भारदस्त आणि आवाजाने त्याहून भारदस्त. त्यांनी सरकून मला जागा दिली.

"डॉक्टरनीजी, किसके पीछे भाग रही थीं?"

दम लागलेला असताना खोटं सुचत नाही. मी त्या वाळवंटातल्या माणसाबद्दल सांगितलं. आमच्या राजस्थानात वाळवंट काही कमी नाही, त्यामुळे कुणी भारावलं नाही. पण त्याची नखं गळाली म्हटल्यावर सगळ्या माझ्याकडे सरकल्या. "फिर?" भाभीजींनी विचारलं. दुसऱ्या दिवशी बागेत गेले तर माझ्यासाठी बाकाचा मधला भाग मोकळा ठेवलेला होता.

आठवडाभर मी बाकावर बसून धावण्याच्या गोष्टी सांगितल्या. ऐकता ऐकता बायका घरून आणलेले शेंगदाणे खायच्या. एका सकाळी माझ्या लक्षात आलं की वाळवंटातला माणूस सोडला तर कुणाचंच वजन कमी होत नाहीये. त्या दिवशी गोष्ट ऐन रंगात आली होती. त्याला वादळाने गाठलं होतं, वाट मिटली होती, आणि समोर वाळूत काहीतरी हललं होतं. मी उठले, बूट आवळले आणि चालायला लागले.

"अरे! फिर क्या हुआ?" मागून हाक आली.

"पुढचं चालता चालता," मी हिंदीत ओरडले. "बसेल तिला शेवट नाही!"

माझ्या मागे चपलांचा असा काही फटफटाट झाला की मोर उडून गेला. भाभीजी सर्वांत पुढे. वाळूत काय हललं हे कळल्याशिवाय त्यांना सकाळचा चहा जाणार नव्हता. मी ते कळू द्यायला बागेच्या दोन फेऱ्या घेतल्या. उंट होता. उंटासाठी दोन फेऱ्या मारायला लावल्या म्हणून भाभीजी मला जे बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या चप्पल टाकून नातवाचे बूट घालून आल्या.

तेव्हापासून आमचा शिरस्ता पडला. गोष्ट चालतानाच. कुणी मध्ये टेकली की मी त्याच वाक्यावर थांबायची आणि बाकीच्या त्या टेकलेलीला हाताला धरून उठवायच्या. यात माझी एक अडचण होती, ती मी आधी हिशेबात धरलीच नव्हती. ऐकणारीला फक्त चालायचं असतं, सांगणारीला चालायचं आणि बोलायचंही असतं. मला धाप लागली की माझा नायकही थांबून धापा टाकायचा. "आज तो फारच दमलाय," बायका म्हणायच्या. मी मान हलवायची.

होळी उलटली आणि भाभीजींनी विषय काढला. जयपूरजवळच्या चाकसूला शीतळामातेच्या जत्रेला त्या दरवर्षी गाडीने जायच्या. "या वेळी शेवटचा टप्पा पायी," त्यांनी जाहीर केलं. "एवढ्या लोकांना आपण एवढं धाववलं, थोडं आपणही चालू."

आदल्या दिवशी सगळ्यांच्या घरी स्वयंपाक झाला, कारण जत्रेच्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शिळंच खातात. पुऱ्या आणि दह्यात कालवलेला गोड भात. मी मात्र पुस्तकात वाचल्याप्रमाणे खजूर आणि दाण्यांचे लाडू केले, मिठाचं लिंबूपाणी भरलं, निघताना घोट्याला पट्ट्या बांधल्या. नवऱ्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"चाकसूला निघालीस की सहारा ओलांडायला?"

त्यांच्याकडे गाडी आणि जेवणाचे डबे होते. टोंक रोडवर एका वळणाशी त्यांनी आम्हाला उतरवलं आणि ते पुढे गेले. रस्त्याच्या कडेने झुंडीच्या झुंडी चालत होत्या. घागरे, रंगीत ओढण्या, डोक्यावर परडी घेतलेल्या म्हाताऱ्या, खांद्यावर पोरं. मी समुद्र पोहणाऱ्या बाईची गोष्ट सुरू केली होती. पहिला अर्धा रस्ता झकास गेला. मग ऊन चढलं. घोट्याच्या पट्ट्या सैल होऊन पायात यायला लागल्या आणि खजुराच्या लाडवांनी पोटात वेगळीच गोष्ट सुरू केली. एका मैलाच्या दगडावर मी मटकन बसले.

भाभीजी कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"उठिए."

"आप लोग चलिए, मैं गाड़ी बुला लूँगी."

भाभीजींनी वाद घातला नाही. त्या बाकीच्यांकडे वळल्या आणि मला ऐकू जाईल अशा बेताने बोलायला लागल्या. लग्नाच्या आधी एकदा त्या आपल्या गावाहून, चौमूंहून, घरी न सांगता निघाल्या होत्या. पायी. मोठ्या बहिणीची सासरी काय अवस्था आहे ते डोळ्यांनी बघायला. दुपारची वेळ, पायात बहिणीच्याच जुन्या जुत्या, आणि मागून वडिलांची जीप येताना दिसली. एवढं सांगून त्यांनी पदर खोचला आणि चालायला लागल्या.

"फिर?" मी विचारलं.

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

मी पट्ट्या सोडून पिशवीत कोंबल्या आणि उठले. त्यांना गाठेपर्यंत मला थोडं धावावं लागलं. खरं सांगते, त्या दिवशी मी पहिल्यांदा मनापासून धावले. वडिलांनी जीप थांबवली होती, खाली उतरले होते, आणि मुलीच्या पायाकडे बघून एवढंच म्हणाले होते, "जुत्या हातात घे, चावतायत." मग तेही तिच्याबरोबर बहिणीच्या घरापर्यंत चालत गेले. बहिणीला घेऊनच दोघं परतली. हे ऐकताना माझ्या पोटाला आणि घोट्याला काही तक्रार करायला सुचलं नाही. गोष्ट संपली तेव्हा टेकडीवरचं देऊळ दिसायला लागलं होतं.

दर्शनाच्या रांगेत तासभर ढकलाढकली खाऊन खाली आलो, तर नवरा गाडीच्या सावलीत पाय पसरून बसला होता. हातात माझं समुद्राचं पुस्तक. वाट बघायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी ते गाडीतल्या पिशवीतून काढून वाचून टाकलं होतं.

"काय गं," पुरी तोंडात टाकत ते हिंदीत सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही बाई तर किनाऱ्याला लागतच नाही! बोटीत घेतात तिला."

त्या बाईला आम्ही अर्ध्या समुद्रात सोडून देवळात गेलो होतो. भाभीजींनी आधी माझ्या नवऱ्याच्या हातातला पुरीचा डबा काढून घेतला, मग पुस्तक.

"भाईसाहब," त्या शांतपणे म्हणाल्या, "कल सुबह छह बजे. बगीचे में. अगली किताब आप सुनाएँगे. चलते हुए."

माझ्याकडे मदतीसाठी बघून काही उपयोग नव्हता. मी गोड भात खात होते.

दुसऱ्या दिवशी ते आले. आणखी एका पोहणाऱ्या बाईचं पुस्तक मी त्यांना रात्री वाचायला लावलं होतं. त्यांच्या हिंदीला जयपूरचं पाणी कधी लागलंच नाही, ती अजून साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच राहते. पहिल्या फेरीला त्यांनी छाती भरून सुरुवात केली, "तो उस औरतने क्या किया, समुंदर में उडी मारी!"

बायका जागच्या जागी थांबल्या. भाभीजींनी डोळे बारीक केले.

"उड़ी? तैरने गई थी, उड़ कैसे गई?"

"उडी, भाभीजी, उडी!" नवऱ्याने दोन्ही हात पंखांसारखे पसरून पाण्यात झेपावून दाखवलं, त्यामुळे ती बाई आणखीच उंच उडाली. बागेच्या कुंपणाला धरून आम्ही सगळ्या हसत होतो, आणि ते बिचारे त्या बाईला समुद्रात उतरवायला एकटेच पुढे चालत निघाले होते.