साहेबांच्या मोबाईलची पंचेचाळीस पानं

माहितीच्या अधिकारात ‘का’ विचारायचं नसतं. ‘साहेब खोटं का बोलले’ असं लिहिलं की ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही’ असं छापील उत्तर घरी येतं. म्हणून लिहायचं, ‘साहेब खरं बोलल्याचा पुरावा असलेल्या कागदाची साक्षांकित प्रत मिळावी.’ शिवी तीच, फक्त इस्त्री करून द्यायची. हे शहाणपण मला दोन अर्ज वाया गेल्यावर आलं.

भानगड अशी होती. घणसोली गावात आमचं जुनं घर. त्यावर आईनं एक मजला चढवला, माझ्या बहिणीसाठी. बहीण नवऱ्याला कंटाळून लेकीला घेऊन कायमची निघून आली होती आणि खालच्या दोन खोल्यांत आम्ही एकमेकांच्या पायावर पाय देत होतो. परवानगी? आमच्या गावठाणात परवानगी काढून घर बांधणारा माणूस अजून जन्माला यायचाय. स्लॅब पडला, आईनं नारळ फोडला, मजुरांना आणि आळीला मटणाचं जेवण घातलं. आमच्याकडे घर कायदेशीर होतं ते असं.

तीन महिन्यांनी महापालिकेची नोटीस आली. वरचा मजला अनधिकृत, स्वतः पाडा, नाहीतर आम्ही येऊन पाडू. बहिणीच्या सासरी ही बातमी कशी पोचली देव जाणे. नवऱ्याचा फोन आला, ‘पाडू दे की. मग येशीलच झक मारत.’ तिनं फोन ठेवला आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी परत घासत होती. मला त्या नवऱ्याला जाऊन तुडवावासा वाटला, पण माझी अंगकाठी बघता मी अर्ज लिहायला बसलो.

मी कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रकच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहितो. कागद दिसला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे. नोटिशीला जोडलेला पंचनामा वाचला तर त्यात हे वाक्य: ‘प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता स्लॅबवर एक वयस्कर महिला हातात नारळ घेऊन उभी असल्याचे आढळून आले.’

आयला! पाहणीच्या तारखेला आई मोरा बंदरावर मावशीकडे सुकी मासळी आणायला गेली होती. आणि नारळ घेऊन तीन महिने स्लॅबवर उभी राहायला ती काय देवी आहे? पाहणी करणारे साहेब आलेच नव्हते. खुर्चीत बसून कुणाचा तरी फोटो बघितला आणि पाहणी उरकली. स्लॅबच्या दिवशी अर्ध्या आळीचे मोबाईल वर होते, तेव्हा काडी आळीतूनच कुणीतरी केली, याबद्दल आमचं घरात एकमत झालं. आईनं एकेका घराच्या नावानं बोटं मोडली. बोटं दहाच, घरं जास्त, म्हणून काही घरांना दुसऱ्या दिवशी घेतलं.

मी मागणी केली ती भरभक्कम. साहेबांच्या सरकारी कॉम्प्युटरची त्या दिवसाची हिस्ट्री, सरकारी गाडीचं लॉगबुक, आणि त्यांच्या पथकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे त्या आठवड्याचे सगळे मेसेज, फोटोंसकट. दहा रुपयांचा स्टॅम्प चिकटवताना काय रग चढली होती अंगात!

अर्ज घेणाऱ्या बाईंनी तो दोनदा वाचला. ‘अहो दादा, साहेबांचा मोबाईल मागताय? ते बायकोला पण दाखवत नाहीत.’

‘बायकोनं स्टॅम्प लावला नसेल,’ मी म्हटलं.

महिन्यानं उत्तर आलं. हिस्ट्री जतन केली जात नाही. लॉगबुक सापडत नाही. ग्रुपवरचे मेसेज म्हणजे अधिकाऱ्याची वैयक्तिक माहिती, देता येत नाही. मी अपील ठोकलं. अपिलाला एक मॅडम बसल्या होत्या. त्यांना मी सांगितलं, ‘मॅडम, त्या ग्रुपवर सरकारी काम होत असेल तर ग्रुप सरकारी. आणि काम वैयक्तिक असेल तर नोटीस पण वैयक्तिकच समजतो. साहेब आमच्या आळीत एकटे येऊ देत, आमी पण वैयक्तिकच उत्तर देऊ.’ मॅडमनी फाईल तोंडासमोर धरली. फाईल हलत होती. पण मेसेज द्यायचा हुकूम त्यांनी दिला.

पंचेचाळीस पानं मिळाली. प्रत्येक पानावर गोल शिक्का, ‘खरी प्रत’. पहिली तीस पानं गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. मग साहेबांचा वाढदिवस: एकानं केक टाकला म्हणून चौदा जणांनी केक टाकले होते. रजेवर असलेल्या एकानं पित्ताच्या गोळ्यांचा फोटो टाकला होता, पुराव्यादाखल. मी हसून हसून लोळत होतो. आणि अडतिसाव्या पानावर पाहणी सापडली. कार्यालयातल्या एका क्लार्कनं एक जुना स्क्रीनशॉट टाकला होता आणि खाली साहेबांचं उत्तर: ‘ओके. पाहणी झाली असे घ्या.’

वा रे पठ्ठे! आता या, पाडा घर!

मग मी त्या स्क्रीनशॉटकडे नीट बघितलं. स्लॅबवर आई, हातात नारळ. फोटोखाली एक ओळ: ‘आईचा नवीन मजला. कोणाच्या बापाला विचारलं नाय!’ आणि वर, ज्याचं ते स्टेटस होतं त्याचा छोटा गोल फोटो. गॉगल घातलेला. मी.

घरपट्टीच्या कामासाठी त्या क्लार्कचा नंबर मीच सेव्ह केला होता, आणि माझा त्याला करायला लावला होता. स्टेटस चोवीस तासांनी उडतं, म्हणून माणूस वाटेल ते लिहितो आणि विसरून जातो. सगळी आळी आमच्या शिव्या खात होती आणि काडी मी केली होती.

पान बहिणीला दाखवलं. तिनं ते शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, ‘दुसरा कागद हाय का आपल्याकडं?’

‘नाय.’

‘मग हाच दे. तुझी लाज गेली तर जाऊ दे. माझं छप्पर जायला नको.’

आईला आम्ही फक्त पुरावा मिळाला एवढंच सांगितलं. तिनं खुश होऊन मला जेवताना सुरमईचा मधला तुकडा वाढला आणि मी तो निर्लज्जासारखा खाल्ला.

सुनावणीला मोठे साहेब होते. नोटीस आईच्या नावावर, म्हणून आई पुढच्या खुर्चीत, मी आणि बहीण मागे उभे. साहेबांनी अडतिसावं पान वाचलं, पाहणीवाल्या साहेबांकडे रागानं बघितलं. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांनी फोटोखालची ओळ मोठ्यानं वाचली. ‘कोणाच्या बापाला विचारलं नाय. हे कोणी लिहिलंय? पाहणीचं मी बघतो, पण ही सरळसरळ कबुली आहे. ज्यानं लिहिलं त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.’

तीन अर्ज आणि एक अपील लिहिणारा मी. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. नोकरी दिसली, पोलीस दिसले, सगळं दिसलं.

आई ते वाक्य पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं मागे वळून माझ्याकडे एकदाच बघितलं. तेवढ्यात तिला सगळं कळलं.

‘मी लिवलंय,’ ती म्हणाली. ‘माझा घर हाय. मीच लिवलंय.’

‘आजी, मोबाईलवर लिहिता येतं तुम्हाला?’

‘येतंय.’

‘साहेब, मी—’ माझा आवाज आला एकदाचा. पण बहिणीनं माझं मनगट असं दाबलं की पुढचं घशातच राहिलं.

साहेबांनी थोडा वेळ आम्हा तिघांकडे बघितलं. मग त्या ओळीबद्दल पुढे काहीच विचारलं नाही. पाहणी झालेली नाही, सबब नोटीस रद्द, असा हुकूम त्यांनी लिहिला. नवीन पाहणी होईल तेव्हा होईल. हुकूम मिळाल्याची पोच द्यायला शिपायानं रजिस्टर आईसमोर ठेवलं, आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

आईनं पेन हातात घेतलं आणि तसंच धरून बसली. साहेबांनी मान वर न करता आपल्या टेबलावरचा शाईचा पॅड तिच्याकडे सरकवला.