जुन्या मोटारीचे श्रेय

विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील तो डेंटर, म्हणजे मोटारीचा पोचा आलेला पत्रा ठोकून सरळ करणारा कारागीर, कधीही 'मी' म्हणत नसे. माझ्या वडिलांची जुनी मोटार त्याने वर्षभर एकट्याने घडवली. मी नुसता स्टुलावर बसून चहा पीत असे, आणि तरीही तो म्हणे, "साहबजी, आज हमने दरवाज़ा सीधा कर लिया." त्या 'हमने'मध्ये तो मलाही सामावून घेई.

पुढे जुन्या मोटारींना नवे रूप देण्यावरच्या एका टीव्ही कार्यक्रमाची माणसे चित्रीकरणासाठी माझ्या घरी आली. "किसने बनाई?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी म्हणालो, "मैंने." एवढे म्हणताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

कार्यक्रम दाखवला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या डेंटरकडे क्षमा मागायला गेलो. मी काही बोलण्याआधी त्यानेच सांगितले, की काल सारे नातेवाईक त्याने टीव्हीसमोर बसवले होते. मग हसून म्हणाला, "आपने तो हमारा नाम लिया ही होगा, साहबजी. टीवीवालों ने काट दिया."

मी खाली पाहत म्हणालो, "हाँ, काट दिया."