लॉनमधली हरयाळी

आमच्या ह्यांनी लॉन लावलं, तिथून सगळं सुरू झालं.

रिटायर झाल्यावर मोताळ्यात, गावाबाहेरच्या कॉलनीत आम्ही घर बांधलं. पुढे चांगलं ऐसपैस अंगण. मला तिथे वांगी, मिरच्या, एखादा दोडक्याचा वेल लावायचा होता. पण हे पुण्याला मुलीकडे महिनाभर राहून आले आणि तिच्या सोसायटीतलं लॉन डोक्यात घेऊन आले. बुलढाण्याच्या नर्सरीतून टेम्पो आला. त्यातून गवताच्या वळकट्या उतरल्या. मी एक कांडं उचलून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. अहो, ही तर हरयाळी, शेतातली हरळी! जराशी नाजूक, जराशी नटवी, पण हरयाळीच. माझा बाप कपाशीवाला. शाळेच्या सुट्टीत आम्ही बहिणी वावरात उन्हातान्हात हीच खणत असायचो. एक कांडं मागे राहिलं तर महिन्याभरात सगळं वावर खाऊन टाकते ही बया.

"तुले काय समजते? हे लॉन आहे," हे म्हणाले. आता काय बोलायचं या माणसाला!

लॉन आलं, म्हणजे ते निगुतीनं ठेवायला माणूस आलं. मी एक बाई शोधून आणली. वय झालेली, गुडघा धरलेली, पण उकिडवी बसली की हात असा चालायचा की बघत राहावं. आयुष्यभर कपाशी निंदलेली, म्हणजे खुरप्यानं तण काढलेलं. त्या वर्षांत कपाशीचं एक बियाणं चोरून यायचं. वरून तणनाशक मारलं तरी कपाशी उभी आणि गवत तेवढं जळून जायचं. आधीची बीटी कपाशी आली तेव्हा फवारे कमी होतात की वाढतात यावर माणसं पारावर बसून भांडली. हे नवं बियाणं आलं तेव्हा बायांचं निंदण गेलं, त्यावर कोणी भांडलं नाही. मला त्याचा अजून राग येतो. तिच्या टोळीतल्या तरण्या बाया ऑटोत बसून लांब लांब कामाला जायच्या. हिला गुडघ्यामुळे ते जमेना. आमच्या कॉलनीतली पाच-सहा अंगणं, तेवढंच तिचं काम उरलं होतं. आणि कॉलनीत एका घरानं नावं ठेवली की बाकीची दारं बंद व्हायला वेळ लागत नाही.

एक दिवस हे कामासाठी बुलढाण्याला गेले. जाताना सांगून गेले, "लॉनमधलं तण काढून घे तिच्याकडून."

मी आत स्वयंपाकाला लागले. तासाभरानं चहा घेऊन बाहेर आले तर काय! तिनं भिंतीच्या कडेपासून पात धरली होती, शेतात बाया रांगेनं पुढे सरकत धरतात तशी, आणि निम्मं लॉन बुडापासून उपटलं होतं. मुळ्या झटकून, उलट्या करून, कुंपणावर उन्हात वाळत घातल्या होत्या. परत रुजू नये म्हणून शेतात असंच करतात. मधे मधे उगवलेली चिवळ आणि तरोटा मात्र तिनं सोडला होता. ती भाजी. निंदणात निघालेली भाजी निंदणारीची, ही आमच्याकडची रीत, म्हणून ती शेवटी पदराच्या ओट्यात खुडून न्यायची होती.

"अवं बाई," मी म्हटलं, "हे काय केलं?"

"किती हरयाळी माजली होती तुमच्या अंगनात! घरात कोनाचंच ध्यान नाई का?" तीच मला रागावली.

मी तिला थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चहा संपला तशी मीही खुरपं घेऊन बसले आणि दिवस कलेपर्यंत आम्ही दोघींनी भाजी तेवढी ठेवून अंगण काळंभोर करून टाकलं.

संध्याकाळी हे फाटकातच थबकले.

"काऊन वं? लॉन कुठं गेलं?"

"मीच काढायला सांगितलं," मी म्हटलं.

ती उभी राहिली. "नाई सायेब. बाईनं काई सांगतलं नाई. म्या काढली."

"उद्यापासून येऊ नको," हे ओरडले. "अन् या कॉलनीत तुले कोण कामावर ठेवते तेच पाहतो!"

माझं डोकं फिरलं. "ती येणार नसेल तर या घरातलं अंगण तुम्हीच झाडायचं. मी खराट्याला हात लावणार नाही, सांगून ठेवते."

ती मात्र ना रडली, ना तिनं हात जोडले. पदर खोचला आणि म्हणाली, "सायेब, मी तुमच्याच गावची सून. रोयनखेडच्या शिवारात तुमच्या मायसंगं लई वरीस निंदलं म्या. तुम्ही शिकाले भाईर होते. तुमची माय पातीत सगळ्याइच्या म्होरं राहे. हरयाळीचं एक कांडं मांग राह्यलं तं माघारी येऊन काढे. म्हने, हे काढू काढू माही कंबर गेली, माह्या पोराच्या हाताले हे लागू नये. अन् तुम्ही ते टेम्पोत घालून घरी आनलं! मी नाई काढीन तं कोन काढन?"

हे पायरीवर बसले. तिनं चिवळ खुडली, ओट्यात घातली आणि चपला पायात सरकवल्या. तेव्हा ह्यांनी खाली मान घालून विचारलं, "माय अजून काय म्हणे?"

"लई काई म्हने. उद्या आल्यावर सांगीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. आम्ही दोघी वांग्याचे वाफे करत होतो. शेजारचे सर पाठीवर तणनाशकाचा पंप घेऊन कुंपणाशी आले.

"साहेब, बाईनं तुमचं लॉन उपटलं म्हणे? हाकलली का नाही?"

"नाही हो," हे म्हणाले. "मीच सांगितलं होतं काढायला."

ती खुरपं हातात घेऊन ताडकन उठली. गुडघा कुठे गेला कोण जाणे!

"खोटं काऊन बोलता सायेब? म्या काढली. अन् बुडापासून काढली. एक कांडं दावा कोनी!"

आमचे हे खरंच वाकले. भिंतीच्या कडेनं, नळाखाली, आंब्याच्या आळ्यात सगळीकडे पाहून आले. कांडं काही सापडलं नाही. सरांनी पाठीवरचा पंप उतरवून खाली ठेवला.

"आमच्याकडे कधी येशील?" त्यांनी तिला विचारलं.

"हे वाफे होऊ द्या," ती म्हणाली आणि परत खाली बसली.