पूर्वेला कोण?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. माहेरी कंधारला गेले की सख्ख्या बहिणीपाशी माझ्या पोटात एक गोष्ट राहत नाही — पण ही राहिली. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून. उद्या तुम्ही मला बांधावर भेटणार नाही. भित्र्या माणसाला कबुली द्यायलाही असाच कुणी लांबचा लागतो.

बांधावर मला भेटते ती कलावती. हिमायतनगरहून बसने अर्ध्या तासावर आमचं गाव, आणि गावाच्या वर टेकडीला लागून माझं रान. चार एकर, काळी, हळद पिकवणारी. माझ्या रानाच्या पूर्वेला गायरान आहे — म्हणजे सरकारी जमीन, गुरांसाठी ठेवलेली. त्यातला टेकडीकडचा तुकडा कलावती आणि तिचा नवरा वर्षानुवर्षं कसत आले. ती बौद्ध वस्तीतली. लग्न होऊन आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात आलो. तेव्हा त्या तुकड्यात निव्वळ गोटे होते. ती पोटुशी असतानाही डोक्यावर टोपली घेऊन गोटे काढायची, आणि माझ्या बांधाला लावून रचायची. तो दगडी बांध अजून आहे. सातबाऱ्यावर मात्र तिचं नाव कधीच लागलं नाही. सरकारने अधूनमधून अतिक्रमण म्हणून दंड केला, त्याच्या पावत्या तिने जपून ठेवल्या. दंडाच्या पावत्या जपणारी बाई तुम्ही पाहिलीय का? तोच तिचा पुरावा होता.

आम्ही मैत्रिणी होतो का? मी म्हणेन हो. पण सगळं सांगायला बसलेय तर हेही सांगते — सासू होती तोवर मी तिला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. सासू गेल्यावर तांब्या हातात देऊ लागले, आणि त्या गोष्टीचं माझं मलाच किती कौतुक वाटायचं! ती माझ्या रानात खुरपायला यायची. तिच्या रानात मी जायचे — कमीच.

माझे मालक गेले तेव्हा मुलगा आठवीत होता. तेराव्यानंतर महिनाभरात धाकट्या दिराने, बापूराव भाऊजींनी, डाव टाकला. जमीन आपणच कसतो, वहिनीला काही जमत नाही, असं त्यांनी तलाठ्याला सांगितलं. तलाठी चौकशीला आला. रानात माणसं जमली, सगळी आमच्याच भावकीतली. त्याने विचारलं, हे रान कोण कसतं? एक माणूस बोलेल तर शपथ. कुणी चपलेकडे बघतंय, कुणी टेकडीकडे. मी डोक्यावर पदर घेऊन उभी, आणि मला दिसत होतं की आता सगळं गेलं.

तेवढ्यात कलावती स्वतः रचलेल्या त्या बांधावरून खाली उतरली. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"हीच पेरती, हीच काढती," ती म्हणाली. "म्या रोज बघते. लिवा माझं नाव."

तलाठ्याने लिहिलं. जमीन माझ्या नावावर राहिली. भाऊजींनी मग आपल्या शेतातून जाणारी तिची पायवाट बंद केली. दोन वर्षं ती शेणखताच्या पाट्या डोक्यावर घेऊन ओढ्याकडून वळसा घालून जात होती. मला एका शब्दाने बोलली नाही. मी तेव्हा तिला काय म्हणाले होते ते मला शब्दन् शब्द आठवतं — पण ते इथे सांगत नाही. ते सांगायचा हक्क मी घालवला.

मग तांबं निघालं. निघालं म्हणजे — निघणार, असं ठरलं. जीपगाड्या आल्या, टेकडीच्या पायथ्याशी मशीन लागलं. जमिनीतून दगडाच्या लांब लांब कांड्या निघायच्या, त्या पत्र्याच्या खोक्यांत ओळीने मांडून ठेवत. एखाद्या कांडीत हिरवट रेघ दिसली की साहेब लोक उकिडवे बसून बघत बसायचे. गावात दुसरं बोलणंच नव्हतं. खाण मोठी होणार, पोरांना नोकऱ्या लागणार, पाणी आटणार, घरं हादरणार — ज्याला जे हवं ते तो बोलायचा. मी माझ्या हळदीत बसून एवढंच बघायचे की जीप माझ्या बांधापासून किती लांब थांबते.

पुढे मोजणी लागली. वैशाख होता. कलावतीची लेक नांदेडला दवाखान्यात, बाळंतपण अडलेलं. एसटीत चढण्याआधी ती माझ्या दारात येऊन गेली.

"आक्का, मोजणीवाले आले तं सांग बरं. पूर्वंला मी हाय म्हून."

"तू जा निवांत," मी म्हणाले. खरंच म्हणाले. तेव्हा माझ्या मनात काहीच नव्हतं — हे तुम्ही मानाल की नाही, तुमचं तुम्ही बघा.

दुसऱ्याच दिवशी ते आले. तलाठी आणि कंपनीचा एक इंजिनियर. त्याने जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. खाणीतून निघणारा दगडमातीचा मलबा कुठेतरी टाकावा लागतो, त्याचा डोंगर होतो. त्यासाठी त्याने नकाशावर दोन चौकोन काढले होते. एक गायरानावर. आणि एक माझ्या चार एकरांवर. बिचारा सरळ माणूस होता, मी विचारलं तसं त्याने सांगितलं. गायरान मोकळं असेल तर मलबा तिकडे पडेल. तिथे कुणी कसत असेल तर त्यांचं प्रकरण होईल, वेळ लागेल, मग तुमचा गट घ्यावा लागेल.

तलाठी पंचनामा लिहायला बसला. माझ्या रानाच्या चारी बाजूंना कोण, ते तो मला लगतची खातेदार म्हणून विचारत गेला. पश्चिमेला कोण? मी नाव सांगितलं. दक्षिणेला? सांगितलं. उत्तरेला ओढा.

"आणि पूर्वेला कोण?"

तुम्ही असता तर काय केलं असतं, असं मी विचारणार नाही. मी काय केलं ते सांगते. मी पूर्वेकडे बघितलं. कलावतीच्या रानात ज्वारी काढल्यानंतरची धसकटं उभी होती — ओळीने, सरळ, पेरलेल्या ज्वारीची असतात तशी. त्यांत कुणाच्या तरी चार शेळ्या शिरल्या होत्या. मी शेळ्यांकडे हात केला आणि म्हणाले, "पडीक आहे. जनावरं चरतात."

तलाठ्याने धसकटांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा म्हणेल — बाई, नीट बघा. त्याने नुसतं लिहिलं आणि कागद पुढे केला. मी नववी शिकलेली, अंगठा देत नाही. ठळक सही केली.

कुणी धमकावलं नव्हतं. कुणी काही देऊ केलं नव्हतं. भाऊजी तर तिथे नव्हतेच, ते लातूरला डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच भाऊजींना मी —

पण क्रमाने सांगते. नाही तर मी पुन्हा सटकेन, माझी मला ओळख आहे.

कलावती नांदेडहून आली तेव्हा ‘मोजणी झाली’ एवढंच मी तिला सांगितलं. दिवाळीपर्यंत गायरानाभोवती सिमेंटचे खांब आणि तार आली. कलावतीची तूर आत उभी होती. ती तारेला धरून ओरडत होती, आणि राखणदार म्हणत होता, मावशी, कागदावर इथे कुणीच नाही. मग ती हिमायतनगरला तहसीलमध्ये चकरा मारू लागली. एके दिवशी तिला पंचनाम्याची नक्कल मिळाली. एसटीतून उतरून ती थेट माझ्या ओट्यावर आली. वाचता येणारं माणूस म्हणून तिला मीच माहीत.

"वाच आक्का. कोन बोललं पडीक म्हून, त्याचं नाव वाच."

मी वाचायला लागले. हळूहळू वाचत होते, चष्मा पुसत होते, वेळ काढत होते. ती माझ्या शेजारी मांडी घालून बसलेली. शेवटी लगतच्या खातेदाराचं म्हणणं आलं, आणि खाली माझी सही. तिने नेमकं सहीवर बोट ठेवलं. तिच्या बोटाच्या नखाला मातीची काळी रेघ होती.

"हे कोनाचं?"

पडीक म्हणाले ते मी भीतीने म्हणाले. जमीन जाईल या भीतीने. त्याला निदान भीती तरी म्हणता येतं. पण त्या ओट्यावर? तिथे तर मला वाचवायला फक्त माझं तोंड होतं. ती रडली असती, शिव्या दिल्या असत्या, थुंकली असती — आणि तक्रारीला वेळ होता. माझं चुकलं असं मी लिहून दिलं असतं तर कागद फिरला असता. तिचं बोट माझ्या नावावर होतं आणि मी वाचलं —

"बापूराव."

तिला नवल वाटलं नाही. कसं वाटेल? पायवाट अडवणारा माणूस. तो गावात नव्हता हे तिच्या ध्यानातही आलं नाही, त्या दिवसांत ती लेकीच्या उशाशी होती. ती उठून थेट भाऊजींच्या दारात गेली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलली. वस्तीतली माणसं त्यांच्या हळदीला येईनाशी झाली. भाऊजी माझ्याकडे आले. एका डोळ्याने त्यांना अजून धड दिसत नव्हतं.

"वैनी, तुम्ही तं व्हता तिथं. म्या न्हवतो, सांगा की तिला."

"मला काय ठाऊक भाऊजी," मी म्हणाले आणि दार लोटलं. आणि आतून मला बरं वाटलं. लपवत नाही. या माणसाने मला रडवलं होतं, आता याला न केलेल्याचं भोगू दे, असं वाटलं. इतकी मी चांगली.

तो कागद कुठे आहे माहीत आहे? माझ्याकडेच. कलावतीचं छप्पर गळतं, म्हणून तिने माझ्याकडे ठेवायला दिला, दंडाच्या पावत्यांसकट. माझ्या खाटेखाली पत्र्याची पेटी आहे, तीत आहे. तो कुणी वाचला तर — म्हणून मी किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. जाळायला दोनदा बाहेर काढला. जाळला नाही. तेवढंही धाडस झालं नाही.

मागच्या वर्षी तिला कुणीतरी सांगितलं की फेरचौकशीचा अर्ज करता येतो. खाण तर अजून वरच्या परवानगीतच अडकलेली आहे, गायरानात नुसती तार आणि गवत. अर्ज लिहायला ती पुन्हा माझ्याकडेच आली. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. साक्षीदाराचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा ती हसली. कित्येक महिन्यांनी हसली असेल.

"तुझंच लिव. तुझ्याबिगर कोन हाय मला."

माझ्या हातांनी मी माझं नाव लिहिलं. त्याच अक्षरात, जसं पंचनाम्यावर आहे. तारीख पडली. तहसीलमध्ये दोन्ही कागद एकाच टेबलावर येणार, आणि साहेब विचारणार — बाई, यांतलं कुठलं खरं? आठ दिवस मला अन्न गेलं नाही. रोज ठरवायचे, आज तिला सांगू. ती यायची, बसायची, साक्षीला काय काय बोलायचं ते माझ्याकडून घोकून घ्यायची. शाळेतल्या पोरीसारखं मी ते पाठ म्हणून दाखवायचे.

तारखेच्या दिवशी सकाळी ती मला न्यायला आली तेव्हा मी गोधडी घेऊन पडले होते. ताप आहे म्हणाले. तिने कपाळाला हात लावायच्या आत मी कूस बदलली. ती म्हणाली, मी पुढची तारीख मागते, तू पडून राहा. आणि एकटी गेली.

ऑक्टोबरचं ऊन. मुलगा-सून रानात. ती कधीही परत येईल म्हणून मी दिवसभर गोधडी काढली नाही. दुपारची बस घाटी चढताना आवाज देते, तो ऐकला आणि गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. ती घरी न जाता माझ्याकडेच आली. हातात दोन मोसंब्या आणि तापाच्या गोळ्यांचं पाकीट.

"काय झालं तिकडं?" मी विचारलं.

"मिटलं. साक्षीदार न्हाई म्हनले, फुडची तारीख देत न्हाई म्हनले. अर्ज बंद केला. जाऊ दे. तू आधी बरी व्हय."

ती खाटेच्या कडेवर बसली. खाली पेटी होती, तिच्या टाचा पेटीला लागत होत्या. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. माझं सगळं तोंड घामाने डबडबलं होतं. घाम बघून तिचा चेहरा उजळला.

"घाम सुटला गं माय. म्हंजी उतरला ताप," ती म्हणाली, आणि पदराने माझं कपाळ पुसलं, गळा पुसला, किल्लीचा दोरा बाजूला सारून मानेखालीही पुसलं.

मला ताप आलाच नव्हता. मी डोळे मिटून पडून राहिले आणि तिला पुसू दिलं.